अकरा नंबरच्या घरातले आजारी

(दवाखान्यातली नोंदणीची खोली. टेबलावर रजिस्टर आणि लॅपटॉप. सिस्टर आणि आरोग्य खात्याकडून नोंदी तपासायला आलेली मुलगी.)

सिस्टर : आकडे जुळले म्हणतेस, मग तोंड पाडून का बसलीस?

मुलगी : फारच जुळले, म्हणून. कुठल्या भागातली किती माणसं कुठल्या दवाखान्यात जातील, याचा अंदाज आमचं संगणकातलं मॉडेल अंतरावरून बांधतं. तो रजिस्टरशी ताडून बघणं हे माझं काम. बाकी चार दवाखान्यांत तो कमीजास्त चुकतो. तुमच्याकडे चुकतच नाही, सगळे पेशंट जवळचेच.

सिस्टर : आमचे पेशंट गुणी आहेत.

मुलगी : माणसं इतकी सरळ वागत नाहीत, सिस्टर. म्हणून पत्ते पाहिले. गल्ली तीन, घर अकरा. वर्षात दोनशे सात आजारी.

सिस्टर : मोठं कुटुंब असेल.

मुलगी : त्यात नऊ बाळंतिणी?

सिस्टर : ...बरं बाई. ते घर माझं. एकटीच राहते मी.

मुलगी : मग ही माणसं कुठली?

सिस्टर : खाणवस्तीची. सात किलोमीटर चालत येतात. हद्दीबाहेरचा पेशंट घ्यायचा नाही, असा नियम. तापानं फणफणलेलं पोर दारातून परत पाठवू? माझा पत्ता घालते आणि औषध देते.

मुलगी : पण त्यांचा दवाखाना तीन किलोमीटरवर आहे.

सिस्टर : नकाशात! मधे खाणीचा खड्डा आहे, तो काय उडून ओलांडायचा? वळसा घालून बारा होतात.

मुलगी : अरे देवा. तिकडच्या रजिस्टरात त्यांच्यातलं कुणी दिसत नाही, म्हणून आमचे साहेब म्हणाले, वस्ती धडधाकट आहे. गुरुवारी नव्या दवाखान्याची जागा ठरतेय. खाणवस्ती यादीतच नाही.

सिस्टर : करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मुलगी : खरे पत्ते मिळाले, तर मी पुन्हा ताडून बघेन. पण खोट्या नोंदी कुणी केल्या, ते लपणार नाही.

सिस्टर : दोन वर्षं राहिलीत गं माझी. पेन्शन अडवली तर खाऊ काय? भीती वाटते मला.

मुलगी : मी आग्रह नाही करत.

सिस्टर : आणि खरं लिहिलं, तर तुझं ते मॉडेल?

मुलगी : साफ तोंडावर आपटेल.

सिस्टर : आपटू दे. मग तरी कुणी विचारेल, ही माणसं एवढी लांब का चालतात म्हणून. ओढ ती खुर्ची इकडे.

मुलगी : दोनशे सातही आठवतील?

सिस्टर : नावं खरीच आहेत. तू एकेक वाच. कोण कुठं राहतं, ते मी सांगते.