विहिरीतल्या मासोळ्या

हॅलो?… हो, हो, अमरावती. वकिलांचंच घर… अकोल्याचा ट्रंक कॉल? जोडा ना ताई, जोडा…

हॅलो? अनू? अगं, मोठ्यानं बोल… आधी मैनाचं सांग. पोरीचा ताप?… काय? आलाच नाही? काल हिवतापाच्या पाळीचा दिवस होता ना गं?… थंडीही भरली नाही? नक्की? हात लावून पाहिलास?… नारायणा, तुझी कृपा!… थांब, मला जरा बसू दे.

नाही गं, रडून नाही राहिली मी… अहो! ऐकलंत का? मैनाचा ताप गेला!… बाबांनी पेपरच टाकला बघ हातातला.

काय खाल्लं तिनं?… मऊ भात नको, भाकर मागते? मग दे की… कोयनेलची कडू गोळी थुंकते? गुळात दे. पण मधेच सोडू नको हं.

काय?… आता जाऊलाही थंडी वाजून राहिली? एकाच घरात?… हळू का बोलतेस? सासूबाई जवळ आहेत होय… बादलीत काय?… अळ्या? विहिरीच्या पाण्यात? अगं, पण तुमच्या विहिरीत तर मासोळ्या होत्या! तुझ्या लग्नात मीच त्यांना रामनामाच्या कणकेच्या गोळ्या टाकल्या. पाणी कसं आरशासारखं…

काढल्या? कोणी, सासूबाईंनी?… काहून पण, कशासाठी?… चातुर्मासाचं सोवळं! माशांचं उष्टं पाणी शाळिग्रामाला नको म्हणून… जाळं लावून, सगळ्या मोर्णा नदीत सोडल्या… अगं बाई! आणि डॉक्टर काय म्हणाले?… तेच तर. अळ्या खाणारं कोणी उरलंच नाही, मग डास होतील नाही तर काय? त्या मासोळ्या तुमचं घर राखत होत्या गं, आणि आपल्याला पत्ताच नाही.

रागावू नको त्यांच्यावर. देवासाठीच केलं त्यांनी… दे, त्यांच्याकडे फोन दे. अगं, दे ना. मी काही वाकडं बोलत नाही.

हो ताई, आणखी तीन मिनिटं वाढवा.

विहीणबाई, नमस्कार… नाही हो, दोष कसला? माझी नात, तशी तुमची. तिच्या उशाशी बसून तर तुम्हीच होत्या… ऐका ना. आमच्याही विहिरीत मासोळ्या आहेत. रोज सकाळी त्यांना कणकेच्या गोळ्या घालते, मगच माझ्या तोंडात पाणी. अन् त्याच विहिरीच्या पाण्यानं देवाला स्नान… हो, त्याच… उष्टं? अहो, त्यानं पहिला अवतारच माशाचा घेतला. तो म्हणेल होय उष्टं?… आवाज चढला का माझा? माफ करा हं.

छे, छे, तुम्ही नदीवर कशाला? यांनाच पाठवते. मडक्यात मासोळ्या, तोंडाला ओलं फडकं. दुपारच्या एस.टी.नं येतील, मूर्तिजापूरला पाणी बदलतील… वकील असले म्हणून काय झालं? मडकं धरता येतं त्यांना… हसू नका, इथे ऐकून राहिले ते!

काय? आज नको?… हो, एकादशी मलाही आहे… आज सोडल्या तर लगेच अळ्या खातील… म्हणजे एकादशीच्या दिवशी आपल्या विहिरीत हत्या… हं… हं… उद्या द्वादशीला सोडू म्हणता.

विहीणबाई, एक विचारू? राग नका मानू. आज रात्रीतून एखाद्या अळीला पंख फुटले, अन् ती मैनाच्या पलंगावर येऊन बसली… तर ती पाळेल का हो एकादशी?

हॅलो?… विहीणबाई?… हॅलो?

कोण, अनू? त्या कुठे गेल्या? रागावल्या का गं?… काय करून राहिल्या?… विहिरीपाशी? सडा घालून रांगोळी?… मासोळ्यांसाठी? आत्ताच?

अहो! दुपारची राहू द्या. धोतर बदला, अकराची गाडी गाठायची आहे!… ठेवते गं अनू. मला आधी मडकं भरू दे.