विहिरीतलं पोहणं

कॉलेजच्या संघात मी कशी आले ते सांगते. पणदऱ्याच्या मळ्यातून मी सरकारी सागरी महाविद्यालयात गेले, तेव्हाच पोहण्याच्या संघात यायचं हे मनात पक्कं होतं. निवडीच्या दिवशी टँकमध्ये जीव तोडून हात मारले. डोकं वर काढलं तर मी शेजारच्या मुलीच्या लेनमध्ये.

प्रशिक्षक सरांनी मला काठावर बोलावलं. "तू सरळ का जात नाहीस?"

"सर, आमी विहिरीत शिकलो. ती गोल हाय. सरळ गेलं की भिंत लागती."

मला वाटलं, गेलं आपलं नाव. पण सरांनी विचारलं, "विहिरीत न थांबता किती वेळ पोहतेस?"

"आई जेवायला हाक मारंपर्यंत."

त्यांनी सर्वांत लांब पल्ल्याच्या शर्यतीसमोर माझं नाव लिहिलं.