साहेबाची टोपी

बहात्तर साली भिंगारच्या एसटी थांब्यावर बनुबाई, तिची आंधळी लेक पुष्पा आणि शेजारीण छबूबाई बोलत होत्या. मी बाजूलाच उभा होतो. ते बोलणं अजून कानात आहे.

“पुष्पीची इंग्रजीची परीक्षा झाली का गं, बनुबाई?”

“झाली की. साहेब लांबनंच वस्तू वर धरून इचारायचा, ‘व्हॉट इज धिस?’”

“आन् हिला दिसायचं कसं?”

“तेच की! भोपळाच देत हुता. हीच म्हनली, ‘साहेब, हातात द्या.’ त्यानं डोक्यावरची टोपी दिली.”

“मग?”

“चाचपून म्हनली, ‘धिस इज अ कॅप. इट इज व्हेरी ओल्ड.’”

“अगं बया! नापास केलं आसंल.”

“न्हाई. हसत हसत पास केलं.”

“आये, ‘नवी घ्या’ म्हनायचं इंग्रजीत येत न्हवतं गं. पुढल्या यत्तेत शिकीन.”

मी माझीही जुनी टोपी हळूच काढून खिशात घातली.