सोयाबीनचं हाड

डॉक्टर : मोठा आ करा, भावोजी. भाषणाला करता तेवढा.

भावोजी : आऽऽ.

डॉक्टर : छे. भाषणातल्या तुमच्या तोंडात अख्खं सभागृह मावतं. ह्यात माझा आरसासुद्धा मावत नाहीये.

भावोजी : दाढ ठणकतेय म्हणून आलोय, मेहुणीबाई. थट्टा करून घ्यायला नाही. आणि ही खुर्ची चामड्याची तर नाही ना?

डॉक्टर : रेक्झिनची आहे. गाय मागच्या खोलीत जिवंत आहे, जाताना भेटून जा.

भावोजी : हातमोजे?

डॉक्टर : रबराचे. झाडाला विचारून चीक काढलाय. आ.

भावोजी : हास, हास. मृतभक्षी माणसाला करुणा हास्यास्पदच वाटणार. पण परवा माझं व्याख्यान आहे. 'रक्ताळलेलं ताट'. ते होईपर्यंत माझी वाणी शाबूत राहायला हवी. तुझी ताईसुद्धा बसणार आहे व्यासपीठावर. 'वनस्पती आहाराने उजळलेली स्त्री' म्हणून.

डॉक्टर : उजळलेली? पांढरी पडलीय ती. आत्ता तुमच्याबरोबर आली तर जिन्यात दोनदा बसली. बाहेर बाकावर टेकलीय ती, डोळे मिटून. तुम्हाला ध्यान वाटलं असेल.

भावोजी : शरीरातली जुनी विषं बाहेर पडताना थोडा थकवा येतो.

डॉक्टर : एवढी वर्षं विषं बाहेर पडतायत? ती माझी बहीण आहे की साप आहे?

भावोजी : वस्तुतः—

डॉक्टर : वस्तुतः तिचं रक्त कमी झालंय. तिच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या तुम्ही फेकल्यात.

भावोजी : त्या कॅप्सूलचं कवच कशापासून बनतं, ठाऊक आहे? जनावरांच्या हाडांपासून! माझ्या घरात हाड? अशक्य.

डॉक्टर : दुसऱ्या कवचाच्याही मिळतात. नाहीतर इंजेक्शन घ्या, तेही सांगितलं होतं त्यांनी.

भावोजी : औषध घेणं म्हणजे आहार हरला असं जाहीर करणं. मग मी व्यासपीठावरून काय सांगू?

डॉक्टर : माझ्याकडे रोज शाकाहारी माणसं येतात, भावोजी. दूधही न पिणारी येतात. गोळ्या घेतात, डाळी खातात, गुटगुटीत असतात, माझे पैसे बुडवतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्ही ताईला शाकाहार घालतच नाही. तुम्ही तिला काकडी आणि प्रवचन घालता. बरं, आता हिरडीत इंजेक्शन टोचेल.

भावोजी : एक मिनिट. हे प्राण्यांवर तपासलेलं आहे का?

डॉक्टर : आत्ता तपासतेय.

भावोजी : आई गं!

डॉक्टर : झालं. दोन मिनिटांत ती बाजू बधिर होईल. तुमच्या दोन्ही बाजू एकदम बधिर करता येत नाहीत, नाहीतर केल्या असत्या. हं, आता आ. शेवटच्या दाढेमागे हिरडी टम्म सुजलीय. काहीतरी रुतून बसलंय. हलू नका. हा बघा, आला एक धागा.

भावोजी : मशरूम असेल.

डॉक्टर : मशरूमला असे धागे?

भावोजी : मग सोया. तुझ्या ताईने काल सोयाबीन केलं होतं. हल्ली चांगल्या कंपनीचं सोयाबीन अगदी हुबेहूब येतं.

डॉक्टर : असेल बाई. कंपन्या काय, काहीही करतात. अजून आहे आत काहीतरी, टणक. श्वास नाकाने घ्या. थोडं... थोडं... आलं. ट्रेमध्ये टाकते, आवाज ऐका. टिंग. सोयाबीनला हाड कधी फुटलं, भावोजी?

भावोजी : हळू बोल.

डॉक्टर : चांगल्या कंपनीचं सोयाबीन बरगडीसकट येतं का? पिसं वेगळी मागवायची?

भावोजी : दार नीट लागलंय का ते बघ आधी!

डॉक्टर : लागलंय. बोला.

भावोजी : हे... हे हवेतून आलं असेल. मी स्कूटरवर असतो. तोंड उघडं असतं.

डॉक्टर : तुमचं तोंड उघडं असतं हे मान्य. पण कोंबडी तुकड्यातुकड्याने उडत नाही.

भावोजी : ती कोंबडी म्हातारपणाने गेली होती.

डॉक्टर : कोणती?

भावोजी : ती. हायवेवरच्या हॉटेलातली. मी खात्री करून घेतली होती. विचारलं, हिला मारलं नाही ना? नैसर्गिकरीत्या गेली ना?

डॉक्टर : हॉटेलवाला काय म्हणाला?

भावोजी : म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणाल तसं."

डॉक्टर : वा.

भावोजी : आणि मी खात नव्हतो. मी अभ्यास करत होतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याची चव माहीत नको?

डॉक्टर : कधीपासून चाललाय अभ्यास?

भावोजी : माझी आहाराची शिबिरं सुरू झाली, साधारण त्याच सुमारास.

डॉक्टर : म्हणजे पहिल्या दिवसापासून. आणि तुम्हाला कोणी ओळखत नाही? तुमचे फोटो तर भाजीवाल्यांच्या गाड्यांवरसुद्धा लागलेत.

भावोजी : मी हेल्मेट काढत नाही.

डॉक्टर : काय?

भावोजी : काच वर करायची, घास घ्यायचा, काच खाली करायची. सवय होते.

डॉक्टर : हेल्मेट घालून कोंबडी खाता?

भावोजी : सुरुवातीला काचेवर रस्सा उडायचा. आता हात बसलाय.

डॉक्टर : थांबा, मला बसू दे. दातांच्या कॉलेजात एवढी वर्षं घालवली, पण असलं काही शिकवलं नाही कोणी. हेल्मेट! बरं, ते तुम्हाला काय नावाने हाक मारतात तिथे?

भावोजी : हेल्मेटवाले साहेब. माझं टेबल ठरलेलं आहे. कोपऱ्यातलं.

डॉक्टर : तुम्हाला लाज वाटत नाही हे मला माहीत होतं. पण अभिमान वाटतो हे आज कळलं.

भावोजी : तुला नाही कळायचं. दिवसभर उभं राहून लोकांना सांगतो, सोडा, सोडा, सोडा. लोक रडतात, पाया पडतात. मग सगळे निघून जातात आणि मला प्रचंड भूक लागते. मी तरी काय करू?

डॉक्टर : भूक ताईलाही लागते. बाबांनाही लागली होती.

भावोजी : मामंजींचा विषय इथे कशाला?

डॉक्टर : शेवटचे दिवस तुमच्या घरी काढले त्यांनी. दात नव्हते, घास गिळवत नव्हता. एक वाटी मटणाचं सूप मागितलं माणसाने. तुम्ही बीट उकळून दिलंत आणि सांगितलंत, हे मटणाचंच आहे.

भावोजी : रंग अगदी जवळचा होता.

डॉक्टर : त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, ह्या बकऱ्याने जन्मभर बीटच खाल्लं होतं का हो?"

भावोजी : विनोदी होते मामंजी.

डॉक्टर : विनोदी नव्हते हो, भुकेले होते. त्या दिवशी मी डबा घेऊन आले, तो तुम्ही दारातून परत पाठवलात. "ह्या घरात प्रेत शिजत नाही, की येतही नाही." मी जिन्यात उभी होते डबा धरून. चूळ भरा.

भावोजी : ते तत्त्व होतं.

डॉक्टर : आणि संध्याकाळी तुम्ही अभ्यासाला गेलात.

भावोजी : ...त्या संध्याकाळी शिबिर होतं.

डॉक्टर : चूळ भरा म्हटलं ना. आता ऐका. दाढ मी व्यवस्थित बरी करणार, तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही. पण ताईला तुम्ही सांगणार आहात. आत्ता. इथे.

भावोजी : वेड लागलंय तुला? परवा व्याख्यान आहे!

डॉक्टर : मी सांगितलं असतं, पण तिला वाटेल बारकी बहीण जळते. तुमच्या नादाने माझं ऐकणं तिने कधीच सोडलंय. ती गोळी घेत नाही ती तुमच्या शब्दाखातर. तो शब्द तुम्हीच परत घ्यायचा.

भावोजी : आणि नाही घेतला तर?

डॉक्टर : तर हे हाड मी छान धुऊन एका डबीत ठेवीन. परवा पहिल्या रांगेत बसेन. आणि प्रश्न विचारायला सांगितलंत की हात वर करीन.

भावोजी : तू माणूस आहेस की कोण?

डॉक्टर : मृतभक्षी. तुम्हीच म्हणालात. ताई! आत ये गं जरा.

(दार उघडतं. ताई एका हाताने भिंतीचा आधार घेत आत येते आणि डॉक्टरच्या स्टुलावर बसते.)

ताई : झालं का? फार दुखलं का हो?

डॉक्टर : त्यांना तुला काहीतरी सांगायचंय.

भावोजी : उं. आं. उं उं.

ताई : तोंड बधिर झालंय वाटतं त्यांचं.

डॉक्टर : हिरडी बधिर आहे, जीभ नाही. आत्ता चांगले पोपटासारखे बोलत होते. भावोजी?

भावोजी : अगं, म्हणजे... प्रत्येक साधकाच्या वाटचालीत एक असा टप्पा येतो, की जिथे सजीवसृष्टीशी असलेलं त्याचं नातं काहीसं... जवळचं होतं.

डॉक्टर : किती जवळचं?

भावोजी : दाताइतकं.

ताई : मला नाही कळलं.

भावोजी : मी कोंबडी खाल्ली.

ताई : कोणाची?

भावोजी : कोणाची म्हणजे? हॉटेलातली. खातो. म्हणजे अधूनमधून. म्हणजे शिबिर झालं की.

ताई : शिबिर तर दर आठवड्याला असतं.

भावोजी : हो.

डॉक्टर : हे बघ हाड. दाढेमागून काढलं. ताई, बोल की काहीतरी. ओरड. ट्रे फेकून मार, धुतलेला आहे.

ताई : थांब गं बारके. अहो, कशी असते ती?

भावोजी : काय कशी?

ताई : कोंबडी. तिथली.

भावोजी : ...बरी असते.

ताई : भाजलेली की रश्शातली?

भावोजी : रश्शातली. कधी कधी भाजलेली.

ताई : रस्सा दाट असतो का पातळ?

भावोजी : दाट. कांदा चांगला परतलेला असतो. वरती तर्री... अगं, हे काय विचारतेस तू?

ताई : आणि तंगडी?

भावोजी : दोन्ही. मला ओळखतात ते, ठेवतात बाजूला.

ताई : दोन्ही तंगड्या तुम्हीच खाता. मला तंगडी आवडायची. बारकी आणि मी भांडायचो तंगडीवरून. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी सोडशील? मी म्हटलं, त्यात काय, सोडते. मग दूध म्हणालात. मग मध. मग गोळ्या. मला दर वेळी वाटायचं, हेसुद्धा सोडतायत, तर आपण एकटेच नाही.

भावोजी : मी मनाने सोडलेलंच आहे गं. शरीर तेवढं मागे राहिलंय.

डॉक्टर : मागे कुठलं! हायवेवर पुढे निघून गेलंय.

ताई : तू गप्प बस जरा. पहाटे मला चक्कर यायची, तेव्हा मी ह्यांना उठवायची नाही. म्हणायची, ह्यांच्याही पोटात काही नाहीये, झोपू देत. मी पाणी प्यायची आणि परत पडायची.

भावोजी : मला उठवायचं होतंस.

ताई : तुम्ही मला न्यायचं होतंत.

भावोजी : कुठे?

ताई : जेवायला.

भावोजी : ...बरं, ऐक. परवाचं एवढं होऊन जाऊ दे. व्यासपीठावर नुसती बस माझ्या बाजूला, काही बोलू नकोस. मग आपण शांतपणे ह्यावर विचार करू. हवं तर एखादी गोळी घे. अर्धी.

डॉक्टर : अर्धी कॅप्सूल. धन्य आहे.

ताई : बारके, त्या गोळ्या तुझ्याकडे आहेत का?

डॉक्टर : डबी कधीची पर्समध्ये घेऊन फिरतेय मी. ही घे, जनावराच्या कवचाची नाहीये. पाणी देते.

ताई : कवच कसलंही चाललं असतं. आण.

भावोजी : अगं, निदान विचार तरी—

ताई : झाली गिळून. ते हॉटेल किती लांब आहे हो?

भावोजी : कुठलं?... फार नाही. नाक्यापासून पुढे. का?

ताई : चला.

भावोजी : आत्ता? मला ओळखतील! तू बरोबर, दिवसाउजेडी...

ताई : ओळखू देत. त्यांना सांगा, दोन्ही तंगड्या आज इकडे.

डॉक्टर : मी सोडते दोघांना. ताई, तू पुढे बस. भावोजी, बधिरपणा उतरेपर्यंत तुम्ही काही चावायचं नाही, स्वतःचाच गाल चावून बसाल.

भावोजी : म्हणजे मी नुसतं समोर बसायचं?

ताई : बोलता येतं का गं त्यांना?

डॉक्टर : येतं ना. बोलण्याला काही बंदी नाही.

ताई : मग माझं होईपर्यंत बोलूही नका. मला एकदा पोटभर जेवायचंय.