काकूंची खिडकी

नाही नाही, उठू नका काकू, फोटोवाल्याचं आटपलं नाही अजून — पाच मिनिटं म्हणाला, म्हणजे अर्धा तास धरा. तुमच्याच खोलीतून तुम्हाला उठवून बाहेर पायरीवर बसवलं, आणि तेही कुणी, तर त्या खोलीचा नकाशा काढणाऱ्यानं. तो पडदा द्या ना इकडे, मांडीवर कशाला ओझं — राहू दे? बरं, राहू दे.

मला नाही हो जमत हे. आर्किटेक्टनं स्वतःची जाहिरात करायची म्हणजे आपल्याच लग्नात आपणच मध्यस्थ — मुलगा किती गुणी, हे मुलानंच सांगायचं. इतकी वर्षं म्हणत आलो, आपलं काम बोलेल. काम कसलं बोलतंय? बायको म्हणते, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. म्हणून परवा दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस कोंबलेला, आणि मी त्याला विचारतोय, दवाखाना वाढवायचा विचार आहे का? तो म्हणाला, आ करा. घरी नाही सांगितलं हे, तुम्हालाच सांगतोय. वर्षभर नवं काम नाही काकू. ऑफिस बंद करायचं आणि भावाच्या दुकानात जाऊन बसायचं, एवढंच उरलंय. म्हणून हे फोटो. आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच आहे — तुमची ती खिडकी, जमिनीपासून छतापर्यंत.

आता फोटो म्हटला की पसारा हलवावा लागतोच — वॉकर, औषधांचा डबा, तुमची उशी — पसारा म्हणालो का मी? तोंडातून गेलं. आमच्या चित्रात माणूस काढतात तो खोलीची उंची कळावी एवढ्यासाठी. आणि पडदा काढल्याशिवाय खिडकी दिसणार कशी? जाड आहे, नाही? दुहेरी शिवलाय. सूनबाई सांगत होत्या, राहायला आलात त्याच आठवड्यात शिवला, तेव्हापासून उघडलेला नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, उजेड सोसत नाही — हो, सांगितलं होतंत तुम्ही. नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतंत, इथं माझी खाट, खिडकी लहानच ठेव बाळा. मी हो म्हणालो. आणि मोठी केली. फोटो छान येईल म्हणून केली, काकू. हाच फोटो. तेव्हापासून डोक्यात होता — हे मला बोलायचं नव्हतं.

काय रे? ओकीबोकी वाटते खोली? — काकू, तो म्हणतोय, माणूस हवंय चित्रात. तुम्ही खिडकीपाशी बसलात, एकच मिनिट — डोळे मिटलेत तरी चालेल, उलट छानच — असं बघू नका हो. नाही, बरोबर आहे. अरे, गुंडाळ सगळं. झालं. काढलेत ते पुसू नकोस मात्र.

चला, द्या तो पडदा, मी लावून देतो. द्या ना. सूनबाई लावतील? अहो, त्या संध्याकाळी येणार, तोवर खोलीत तो सगळा उजेड — तोवर तुम्ही इथंच बसणार? पायरीवर?

बरं. निघतो मी.