शंभरदा धुतलेलं तूप

— तर सरका की जरा तिकडं, पावणं. ह्या बाकड्याचा एक पाय लंगडा हाय, मी टेकलो की तुम्ही वर जाल. हां, आता बरं. चंदगडास्नं आलाय म्हणताय, म्हंजे पहाटंची यष्टी धरली असणार. आणि ते मानंवरचं काय — गजकर्ण? खाजवू नका. खाजवू नका म्हणतोय तर खाजवालाय. आत गेला की डॉक्टरीणबाई लई झापतील. हुशार हायत, पण तोंडानं फटकळ. मागच्या खेपंला मी नातीसंगं आत गेलतो आणि मधी मधी बोलाय लागलो, तर म्हणाल्या, आजोबा, पेशंट तुम्ही हाय का ती? बाहेर बसा. तवापास्नं मी हितंच. मी आकाराम पैलवान. नाव ऐकलं न्हाईसा? ऱ्हाऊ दे. तुमच्या चंदगडात पाऊसच एवढा पडतोय, दुसरं काय ऐकू येत नसंल.

नात आत हाय. मनाली. बारावीला हाय, आणि कुस्ती खेळती — व्हय, पोरगी, पोरगीच — माझ्याच हाताखाली तयार झालीय. तिचं एकदा पट काढणं बघा तुम्ही, समोरचीचा पाय उचलून आडवीच करती. पण वरीस झालं, तोंडावर मुरमं आली. कपाळ, गाल, हनुवटी, जागा न्हाय ठेवली. वयच हाय ते, कुणाला येत न्हाईत? मलाबी आलती, ही बघा खड्डं, हितं, हितं. पण गड्याच्या गालाकडं कोण बघतंय? पोरीचं तसं न्हाय. स्कार्फ बांधून बैठका मारायची. कुस्तीत समोरचीचा हात तोंडाजवळ आला की डाव सोडून मान वळवायची. दुखतंय म्हणायची, पण दुखण्यापरीस लाजच जास्त. दोन कुस्त्या अशाच घालवल्या. पुढच्या म्हयन्यात निवड चाचणी हाय आणि ही म्हणती, मी येत न्हाय आबा, तिथं फोटो काढत्यात. आता सांगा.

आधी मी तालमीतली तांबडी माती लावायला दिली. त्यात ताक, हळद, तेल, लिंबू सगळं मुरलेलं असतंय, आमची हाडं तिच्यातच घडली. दोन म्हयनं फासली. मुरमं वाढली. मग बाईंकडं आणलं. बाई म्हणाल्या, माती बंद, लिंबू बंद, तेल बंद, फोडायचं न्हाय, दोनदा साध्या साबणानं तोंड धुवायचं आणि झोपताना हे मलम पातळसं लावायचं. एवढंच. एवढंच सांगायला एवढं शिकाय लागतंय व्हय, असं मला वाटलं. म्हंजे तवा वाटलं.

आता तुमास्नी एक गंमत सांगतो. माझ्या वळखीचा एक म्हातारा हाय. आमच्याच पेठंतला. त्याच्या नातीलाबी असंच मलम दिलतं. धा दिवस लावलं आणि पोरीची सालं निघाय लागली, तोंड लालभडक, मुरमं दुप्पट. पोरगी सांगत होती, बाई म्हणाल्यात सुरवातीला असंच होतंय, थांबायचं. पण म्हातारा कसला थांबतोय? त्याला वाटलं, औषधानं पोरगी भाजली. मग त्यानं काय करावं? घरच्या म्हशीचं तूप घेतलं. तांब्याची परात. गार पाणी घालून तळहातानं घोटायचं, पाणी ओतायचं, परत नवं पाणी — असं शंभरदा. जोर मारल्यागत मोजायचं. त्रेसष्टाव्याला दूध न्यायला डेअरीवाला आला, आकडा चुकला, परत एकपास्नं धरलं. पण पावणं, काय मलम हुतंय. पांढरंशुभ्र, गार, तुपाचा वाससुदिक न्हाय. जुनी माणसं भाजल्यावर हेच लावायची. मग म्हाताऱ्यानं पक्कड घेतली, ट्यूबची मागची घडी उलगडली, बाईंचं औषध सगळं मोरीत काढलं, तूप भरलं, आणि घडी परत दाबून बसवली. टोपणाला हात न्हाय लावला. पोरीला काय कळतंय? त्या पकडीनं माझा अंगठाबी चिमटला, अजून नख काळं —

बघू नका असं. बरं, मीच. मीच तो म्हातारा.

आता हसालाय. हसा. मीबी पयल्यांदा हसलो. दोन दिवसांत लाली गेली, साल निघायची थांबली. पोरगी रोज रात्री आरशासमोर बसून, वाटाण्याएवढं घेऊन, नीट टिपकं देऊन लावायची. एक दिवस चुकवलं न्हाय. म्हणाली, आबा, आता आग होत न्हाय, म्हंजे गुण येतोय न्हवं? मी म्हणलं, व्हय. काय म्हणणार? मग चार आठवड्यांनी सगळं तोंड तेलकट, आणि मुरमं मूळपदावर — मूळपदावर कुठली, कानापतोर गेली. तुपाचं हाय ते. भाजल्यावर ठीक हाय, मुरमांवर तूप म्हंजे जाळात तेल. हे मला आता कळतंय, परवा तालमीतल्या एकाच्या पोरीनं मोबाईलवर वाचून दाखवलं तवा.

सांगायचं हुतं मनालीला. कालबी सांगणार हुतो, जेवताना. पण ती माझ्या शब्दावर उठती-बसती, पावणं. मी म्हणलं धर, तर धरती, मी म्हणलं सोड, तर सोडती, मागं वळून बघत न्हाय. उद्या तिला कळलं की आबानं फसवलं, तर आखाड्यात मी धर म्हणल्यावर ती आधी इचार करंल. आणि कुस्तीत इचार केला की गेली कुस्ती. मला तिचं भ्या वाटतंय, खरं सांगतो. बारा गावचं पैलवान लोळवलं, पण ह्या सतरा वर्साच्या पोरीसमोर तोंड उघडत न्हाय माझं.

थांबा, दार जरा उघडं ऱ्हायलंय. बाई काय बोलालीत? तुमचा कान बरा दिसतोय, ऐका की. — बाई म्हणालीत, 'दीड महिना लावून काहीच फरक नाही, हे शक्य नाही. तू लावतच नाहीस.' — आता पोरगी म्हणालीय, रोज लावते मॅडम, शप्पथ. — आता परत बाई. खोटं बोलू नकोस म्हणाल्या. म्हणाल्या, मग आता गोळ्या चालू करू, जड असतात, आधी रक्त तपासून ये.

रडालीय ती.

पावणं, गेल्या साली हिचं बोट निखळलं, मी जाग्यावर बसवलं, तवा हूं केलं न्हाय हिनं. आणि आता रडालीय. गोळ्यांसाठनं न्हाय. खोटारडी म्हणल्या म्हणून.

उठा जरा, मला बाहेर पडू द्या. माझा नंबर न्हाय, म्हाईत हाय मला, नंबराचं काय घेऊन बसलाय. — बाई, येऊ का आत? पोरीला काय बोलू नका. ती खरं बोलालीय. मनाली, डोळं पूस आणि माझ्याकडं बघ. — पावणं, तेवढं दार वडून घ्या. तुमास्नी सांगणं सोपं हुतं.