खंडेनवमीचा नारळ आणि आपली 'उघडी'

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले मालक माननीय दौलतराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती इकबालभाई, नजमुन्निसाभाभी आणि कारखान्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

ड्रॉइंग ऑफिसातला माणूस रेघ सोडून बोलत नाही म्हणतात. मी आज जरा सोडणार आहे.

बासष्ट साली मालकांनी इटलीहून एक छोटी, दोन आसनी गाडी बनवायचा परवाना आणला, तेव्हा अख्खं चिंचवड हसलं. छप्पर नसलेली गाडी घेणार कोण? ऑफिसात आम्ही तिला रोडस्टर म्हणायचो, खाली शॉपमध्ये कामगारांची ती 'उघडी'. चौसष्टला पहिली बाहेर पडली. पुढे इंजिन मोठं झालं, दिवे बदलले, मागची शेपूट आखूड झाली; पण तिचं अंग शेवटपर्यंत इटलीहून आलेल्या लाकडी साच्यावर, इकबालभाईंच्या हातोडीखालीच घडलं. हातोडी चालू असताना भाईंशी बोलायची कोणाची टाप होती? एकदा मी बोललो. "अनंतराव, पत्रा ऐकतोय, तुमी बी ऐका," म्हणाले.

सदुसष्टची खंडेनवमी. त्या दिवशी आपण सगळ्या हत्यारांची पूजा करतो. साचा हेही हत्यारच, नाही का? त्याच्या नाकाडावर नारळ फुटला, लाकडाला खळगा पडला आणि पुढच्या प्रत्येक बॉनेटला गालावर असावी तशी खळी पडू लागली. आम्हाला ती शोभाच वाटली! मग इटलीहून तपासनीस आला. त्यानं बॉनेटवरून तळवा फिरवला आणि लालबुंद झाला. साचा बिघडवणाऱ्याला आजच्या आज काढा, नाहीतर परवाना रद्द!

कोण बोलणार? नारळ खुद्द मालकांनी फोडला होता. अध्यक्ष महाराज, मान वर करा, आता पाहुण्यांपासून काय लपवायचं!

इकबालभाई पुढे झाले. "म्या फोडला, साहेब." खंडेनवमीचा नारळ इकबालभाईंनी फोडला, हे इटलीच्या माणसालाच खरं वाटू शकतं. पण कोणी हसलं नाही. भाईंची लेक परवीन तेव्हा पाळण्यात होती. त्यांनी हात पुसले, डबा उचलला आणि चालू लागले.

तेव्हा आपले मालक धोतर सावरत, भर उन्हात फाटकापर्यंत धावले. भाईंचा दंड धरून त्यांना परत आणलं आणि तपासनिसाला म्हणाले, "नारळ माझा. काढायचं तर मला काढा."  तो बिचारा एवढंच म्हणाला, यापुढे नारळ अंगणात फोडा. साच्याची डागडुजी झाली आणि काम सुरू राहिलं.

गेल्या महिन्यात शेवटची 'उघडी' बाहेर पडली. इटलीत ती आधीच बंद झाली होती, आता आपल्याकडेही झाली. आज भाई निवृत्त होऊन त्याच फाटकातून जातील, आणि त्यांना परत बोलवायला आपल्यापाशी काम नाही. याचं फार वाईट वाटतं हो.

भाई, भाभी, तुम्ही आम्हाला आपलं मानलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मालकांचं गुपित चारचौघांत सांगितलं, ते त्यांनी पोटात घालावं. बोलणं लांबलं, ते तुम्ही सर्वांनी. आता भाईंना सोडायला सगळेच निघू या. मालक, आज धावायचं नाही. माझा हात धरा, फाटकापर्यंत सावकाश जाऊ.